वाक्यात उपयोग करा

या, जरा जवळ सरका, आणि तो फोन ठेवा बाजूला. कामाला दिल्लीपर्यंत येता, तसेच परत जाता, आमच्या नोएडाच्या घरी यायला मेट्रो तेवढी तुम्हाला लांब पडते. रागवायलाच हवं तुम्हाला. पण आधी हे ऐका.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साहेब एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "वाक्यात उपयोग करा." परीक्षेच्या पेपरात असतं ना, अगदी तसं. केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला माणूस. रोज सकाळी फ्रिजवर एक चिठ्ठी लावायचे. इंग्रजी शब्द, नाहीतर वाक्प्रचार, आणि खाली मराठीत अर्थ. बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी. त्या कराडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. लिफ्टच्या गार्डलासुद्धा सोडायचे नाहीत. मला एकदा विचारलं, "ताई, आजचा शब्द सांगू?" म्हटलं, "राहू द्या, माझेच अजून संपायचेत."

वहिनींना असं म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी पाहुणे आले की त्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या, आणि साहेबांचं बोट वर. वाक्य झाल्याशिवाय ट्रे खाली ठेवायचा नाही. पाहुणे चहाकडे बघायचे, वहिनी फरशीकडे.

"मेमरी बरी आहे हिची," साहेब म्हणायचे. "डोकं तेवढं नाही."

तुम्ही म्हणाल, काही लोकांचा स्वभावच असतो तसा. मीही तेच म्हणायचे. मग वहिनींचे वडील गेले. कराडहून परत येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्या दिवशीची चिठ्ठी होती 'ओव्हर द मून', आणि खाली अर्थ, 'अतिशय दुःखी होणे'. संध्याकाळी मीही होते तिथे. ट्रे धरून वहिनी हळू म्हणाल्या, "व्हेन माय फादर डाइड, आय वॉज ओव्हर द मून."

साहेब हसले ते डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "अहो, म्हणजे आनंदानं वेडं होणं! मीच उलटा अर्थ लिहिला होता. म्हटलं बघू, पडताळून बघते का." पाहुणेही हसले. चहा अजून मिळायचा होता ना.

वहिनींनी ट्रे ठेवला. "साखर कुणाला कमी?" एवढंच विचारलं.

गेल्या हिवाळ्यात साहेबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात. त्या माझ्यासमोर म्हणाल्या, "माताजी, हर चीज़ झट से मत दीजिए. पहले बोलने की कोशिश करवाइए. कोई भी भाषा चलेगी."

वहिनींनी पहिलं पक्कं ध्यानात ठेवलं. भाषेचं ठेवलं नाही.

आता पाण्याचा पेला घेऊन त्या पलंगाशी उभ्या राहतात. साहेब ओठ जुळवतात, "पा... पा..."

"मराठीत नको," वहिनी म्हणतात. आवाज मऊ, डोक्यावरून हात फिरवावा तसा. "इंग्लिशमध्ये. अहो, वाक्यात उपयोग करा."

साहेबांच्या डाव्या हाताचं बोट वर होतं. जुन्या सवयीनं होतं की पेला मागायला, कुणास ठाऊक. मग ते माझ्याकडे बघतात.

"वहिनी, द्या आता," मी म्हटलं एकदा.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. ट्रीटमेंट चाललीय."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं होतं. आता मात्र मला ते बघवत नाही. देतात त्या शेवटी, मारत नाहीत. पण देईपर्यंत साहेबांची जीभ कोरडी होऊन टाळूला चिकटलेली असते.

म्हणून सांगते, या. मी एकटी गेले की वहिनी जागच्या हलत नाहीत, मी घरचीच. पण नवा पाहुणा आला की चहा टाकायला स्वतः उठतात, ती सवय मोडलेली नाही. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाईन, कराडचा विषय काढीन. तेवढ्यात तुम्ही पलंगाशी बसा. पेला टेबलावरच असतो, साहेबांचा हात पोचणार नाही एवढा लांब. मानेखाली हात घालून उठवा, आणि घोट घोट पाजा. विचारू काही नका त्यांना. नावसुद्धा नको.

या रविवारीच या. ऊन वाढायला लागलंय.