गौरम्माच्या कॅलेंडरवरच्या फुल्या

ज्या घराची भिंत आपल्या घराला लागून असते, त्या घराचे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. वाऱ्यानं उडालेल्या कपड्यांसारखे ते आपल्या अंगणात येऊन पडतात. आपण उचलायचे आणि घडी घालून ठेवायचे. माझ्याकडे अशा घड्या पुष्कळ साठल्यात.

कानडी मुलुखात, चामराजपेटेतलं आमचं वठार म्हणजे एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पलीकडे श्रीधर आणि वसुधा, पुण्याहून आलेलं जोडपं. मी सातवी पास. पण चौकशीला काही शाळा लागत नाही.

* * *

श्रीधर काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. सामान उतरत होतं तेव्हाच मी विचारून टाकलं, तू नक्की करतोस काय?

"अक्का, मी मशिनं मोडतो."

माझ्या हातातली कॉफी सांडायची राहिली. मग त्यानं समजावलं. खरी मशिनं किती वेळा बिघडली ते रजिस्टरातून घ्यायचं आणि कंप्यूटरला द्यायचं. मग कंप्यूटर खोटाखोटा कारखाना चालवतो, एका दुपारी हजार वर्षं! त्यात कुठलं मशिन सारखं अडवतं ते दिसतं.

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. "हजार वर्षं काम करतोस, आणि पगार महिन्याचाच?"

* * *

मला काही ते हजार वर्षांचं पटेना. तेव्हा श्रीधरनं माझ्या चौकाबारा खेळायच्या कवड्या मागितल्या. चार कवड्या म्हणजे चार मशिनं. पालथी पडली तर चालू, उताणी पडली तर बंद. एक जरी बंद, तरी कारखाना बंद. मी फरशीवर कवड्या टाकत गेले, तो पाटीवर लिहीत गेला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आमचा कारखाना बारा वेळा बंद पडला. त्यातली एक कवडी, कडेला टवका गेलेली, जास्तच उताणी पडायची.

"मग तिच्यात मेण भर ना," मी म्हटलं. "वजन आलं की नीट पडेल."

श्रीधरनं पाटी खाली ठेवली. "अक्का, हीच तर माझी नोकरी आहे. मेण असतं एकाच कवडीपुरतं. ते कुठल्या कवडीत भरायचं, एवढं सांगायचं."

तेव्हापासून वठारात कुणी विचारलं की मी सांगते, श्रीधर मेणाचं काम करतो.

* * *

हे डोकं तो घरीही चालवायचा. कुठली वस्तू बंद पडली तर घर अडतं, त्याचा त्यानं तक्ता केला. मग मिक्सरला जादा भांडं आलं, स्कूटरला जादा केबल, गॅसला दुसरा सिलिंडर. बल्बसुद्धा जोडीनं.

एका शनिवारी दुपारी नवराबायको माझ्या दारात उभे. म्हणाले, स्वल्प बसू का? बसले, कॉफी झाली, चिवडा झाला, पाच वाजले, तरी उठेनात. मी विचारणारच. तेव्हा वसुधा म्हणाली, "घरात सगळ्याला स्पेअर आहे अक्का. फक्त किल्लीला नाही."

किल्ली आत, टेबलावर. तक्त्याच्या शेजारी!

* * *

पुढचा किस्सा मात्र हसण्यावारी न्यायचा नव्हता. यंदा एकाच मशिनला पैसा मिळेल, कुठल्या ते सांग, असं मोठ्या साहेबांनी श्रीधरला सांगितलं होतं. सांगितलेलं चुकलं तर त्याची बदली गुजरातच्या कारखान्यात. वसुधाला इथल्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. रोज संध्याकाळी ती माझ्या पायरीवर बसून तेच तेच बोलायची. आणि खरं सांगू, भिंतीपलीकडे दुसरं कोण येणार या विचारानं माझाही घास गोड लागेना.

श्रीधरच्या कंप्यूटरनं उत्तर दिलं: कंप्रेसर. बाटल्या फुगवायला लागणारी हवा तो देतो, आणि रजिस्टरात पानोपानी तोच बंद पडलेला. साहेब खूश. त्यांना नवा परदेशी कंप्रेसर हवाच होता.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कारखान्यात घरच्या माणसांना बोलावतात. मी घरचीच की! वसुधाबरोबर गेले. सगळी मशिनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून उभी. कंप्रेसरला एक माळ, एक लिंबू. पण मागे कोपऱ्यात कळशीएवढा एक पाण्याचा पंप, त्याला तीन माळा, पाच लिंबं, आणि समोर फोडलेला कोहळा.

शेजारी फोरमन नंजप्पा मेस्त्रींची बायको गौरम्मा उभी होती. मी कानडीत विचारलं, याचे एवढे लाड का?

"अक्का, ही माझी सवत," ती म्हणाली.

हा पंप कंप्रेसरला थंड ठेवतो. तो अडला की कंप्रेसर तापून बंद होतो. मेस्त्रींना रविवारीसुद्धा निरोप येतो आणि ते ताटावरून उठून जातात. पंप ठोकून चालू करतात आणि रजिस्टरात लिहितात: कंप्रेसर बंद. पंपाचं नाव तिथे यायचंच नाही. बाहेरचा मेकॅनिक बोलवावा लागला तरच बिघाड म्हणायचा. जे आपल्या हातानं सुटतं ते कारण म्हणून लिहायचं नाही, ही मेस्त्रींची जुनी शिस्त.

मी तिथूनच श्रीधरला हाक मारली. ऐकता ऐकता त्याच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. नवा कंप्रेसर आणला तरी तोही तापणार होता.

* * *

पंपात खोट आहे हे मेस्त्री कबूल करेनात. त्यांच्या उमेदीत त्यांनी स्वतः बसवलेला पंप. ते म्हणाले, "घरचं माणूस शिंकलं तर पोलिसात कळवतात का?"

श्रीधर हात जोडून म्हणाला, अण्णा, मला पंप अडल्याचे नुसते दिवस सांगा. दिवस मेस्त्रींना आठवेनात. पैसा कुठल्या मशिनला ते पक्कं करायची साहेबांची मीटिंग चार दिवसांवर आली.

आठवले गौरम्माला. आठवले म्हणजे, तिनं मांडूनच ठेवले होते. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर, ज्या ज्या दिवशी नवरा जेवण टाकून पंपाकडे पळाला त्या दिवशी लाल फुली. तीन वर्षांची कॅलेंडरं खिळ्याला एकावर एक. प्रत्येक फुलीमागे एक सिनेमा वसूल करायचा, असा तिचा हिशेब होता.

मी आणि वसुधा फुल्या वाचत गेलो, श्रीधर वहीत उतरवत गेला. मेस्त्री दाराशी पाठमोरे बसले होते. शेवटच्या कॅलेंडरला तेच हळूच म्हणाले, "ऑगस्टात एक राहिली. तेव्हा ही माहेरी होती."

* * *

कंप्यूटरनं पुन्हा हजार वर्षं मोजली. साहेबांपुढे श्रीधर तीन कॅलेंडरं घेऊन गेला. साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, हे कुठलं सॉफ्टवेअर?

परदेशी कंप्रेसर रद्द झाला. पंपाला जोडीदार आला. एक अडला की दुसरा आपोआप चालू. पण साहेब पक्के. म्हणाले, सरी, ठीक आहे, सहा महिने बघू. कंप्रेसर तापला तर गुजरात. वसुधानं सामानाची खोकी माळ्यावर टाकली नाहीत, पलंगाखालीच ठेवली.

पाचवा महिना चालू होता. गौरम्मा हळदीकुंकवाला आली, ती नव्या वर्षाचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन. मी उघडलं आणि बघते तर काय. दर रविवारी लाल फुली! आतापर्यंतचा एकही रविवार सुटलेला नव्हता. वसुधा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती बोटानं फुल्या मोजायला लागली.

"पंप पुन्हा अडायला लागला?" मी विचारलं.

"पंप कुठला अक्का," गौरम्मा म्हणाली. "मागच्या रविवारी ह्यांनी माझा ग्राइंडर खोलला, त्याच्या आधी पंखा. ह्या फुल्या ते घरी राहिल्याच्या आहेत."