अण्णांनी बंद पाडलेली शहरं

जगातली सगळी मोठी शहरं माझ्या आत्याच्या यजमानांनी एकेकदा तरी बंद पाडलेली आहेत. लंडन तर कितीदा, ते सांगता येणार नाही. यातलं एकही शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. कोणतं शहर किती वजनाचं हे ठरवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. ते शहर उद्या सकाळी बंद पडलं असं धरायचं आणि निपाणीत कुणाचं काय अडतं ते बघायचं. अडलं तर शहर मोठं. नाही अडलं तर नकाशावरचा नुसता ठिपका.

मी बेळगावात कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत जात असल्यामुळे या कामात त्यांना माझी गरज लागे. टिळकवाडीला आमच्या घरी आले की टोपी खुंटीला लावायच्या आधी ते घरातली एखादी वस्तू उलटी करून माझ्यापुढे धरत आणि ती कुठून आली ते मी बारीक अक्षरातून वाचून सांगायचं. दिव्याची काच, सुयांची पुडी, बिस्किटांचा डबा, काही सुटत नसे. परक्या घरीही कप उपडा करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा त्यात चहा होता. मी फारशी बोलत नसे, आणि अण्णांना त्याची अडचण वाटत नसे. मान हलवली तरी त्यांना पुरे. पॅरिसहून अत्तर आणि पावडर येते असं मी वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मग त्याला उद्यापर्यंत कशाला थांबाय पायजे, आजच बंद पडू दे." जिनिव्हाच्या घड्याळांवरही त्यांचा निकाल तयार होता: "गुंजीच्या ठेसनात गाडी कवा वेळेवर आलीया? जिनिव्हा बुडाल्याचं तिथं कुणाला कळायचं बी न्हाय."

न्यूयॉर्क मात्र त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही. घासलेटचे डबे तिकडून येतात हे कळल्यावर त्यांनी घरात घासलेट बंद केलं आणि करडईच्या तेलाच्या पणत्या लावल्या. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी आत्याच्या हातून त्या अंधुक उजेडात आमटीत तिखटाऐवजी तपकीर पडली. जेवणारे शिंकत उठले. अण्णा डोळे पुसत म्हणाले की न्यूयॉर्क मोठं आहे हे कबूल, पण ते गेल्यावर त्याची जागा घ्यायला धावलं कोण, तर निपाणीच.

कारण सगळ्याच्या तळाशी निपाणी होती. विडी ओढल्याशिवाय मुंबईचा गिरणीकामगार उठत नाही, मुंबईशिवाय लंडनचा व्यापार चालत नाही, आणि विडीत तंबाखू निपाणीचा. तेव्हा निपाणी आठ दिवस बंद ठेवा आणि मग गंमत बघा. बेळगाव या उतरंडीत कुठेच बसत नसे. ते बंद पडलं तर जगात फक्त माझ्या वडिलांचे दावे तुंबतील, असं ते आप्पांच्या तोंडावर सांगत. आप्पा वकील; पण या खटल्यात ते कधी उभे राहिले नाहीत. आणि मला "मुंबई मोठी का निपाणी?" असं विचारलं की मी लहानपणापासून "निपाणी" म्हणत आले.

मला पाहायला बोरगावचे लोक आले त्या दिवशी अण्णा होतेच. मुलाचे वडील तंबाखू पिकवणारे. मुलगा मुंबईत आगबोटीच्या कंपनीत नोकरीला. पोहे झाल्यावर अण्णांनी त्याच्यापुढे आपली सगळी उतरंड मांडली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "निपाणीचा तंबाखू नाही आला तर गुजरातचा येतो, अण्णा. विड्या वळल्या जातात आणि गिरणीचा भोंगा वेळेवर होतो."

तोवर मी जमिनीकडे बघत होते, तेव्हा वर पाहिलं. अण्णांच्या बोलण्याला लोक हसत तरी किंवा मान डोलवत. त्यांचा हिशेब खरा धरून त्यातली चूक दाखवणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. अण्णांनी मात्र कप खाली ठेवला आणि ते टोपी घालून निघून गेले. पाहुण्यांची तोंडं उतरली. बोरगावहून पुढे काहीच निरोप आला नाही. आप्पा आईला म्हणाले, "जगातली शहरं झाली, आता अण्णांनी आपलंच घर बंद पाडलं." मला काय वाटतं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पुढच्या खेपेला अण्णा आले ते जरा दबूनच. काही उलटं केलं नाही. मी पाणी आणून दिलं तेव्हा, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, नेहमीचाच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "मुंबई."

त्यांनी तांब्या हातातच धरला. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "असं व्हय."

दुसऱ्या दिवशी ते बोरगावला गेले. तिथे काय झालं ते मला पुढे ह्यांनी सांगितलं. सोप्यावर सगळी भावकी बसलेली असताना अण्णा उभं राहून म्हणाले, "पोरगा बोलला ते खरं हाय. मुंबई मोठी. आपल्यावाचून तिचं काय अडत न्हाय."

यावर भावकी खवळली. ती सगळी तंबाखूवाली माणसं. माझे सासरे म्हणाले, "अण्णा, व्यापारी असून तुम्हीच असं बोलाय लागला तर आमचा माल कोण घेणार?" एकेकजण निपाणीची बाजू घेऊन उठला, आणि अण्णा एकटे मुंबईच्या बाजूने, गुजरातच्या तंबाखूचं कौतुक करत सगळ्यांना पुरून उरले. शेवटी ह्यांनाच राहवेना. अगदीच तसं नाही, निपाणीच्या मालाची चव वेगळी, असं हे सांगू लागले, तर अण्णा म्हणाले, "तू गप बस रं. तू बरोबर हाईस."

त्याच बैठकीत सुपारी फुटली.

मुंबईत येऊन मला आता काही वर्षं झाली. दिवाळीला माहेरी गेले की आत्या आणि अण्णा येतात. गेल्या खेपेला मी मुद्दाम म्हटलं, "अण्णा, आमच्या कोपऱ्यावरचा विडीवाला अजून निपाणीचाच तंबाखू मागवतो." पूर्वी एवढ्यावर त्यांनी निम्मं जग बंद केलं असतं. "मागवत असंल गं," ते म्हणाले. "तुमच्या नळाला पाणी दोन्ही येळंला येतंय न्हवं?"

शेजारी माझी धाकटी बहीण भूगोल मोठ्याने पाठ करत होती. लंडन हे जगातील सर्वांत मोठे व्यापारी शहर आहे. लंडन हे जगातील सर्वांत मोठे व्यापारी शहर आहे. मी अण्णांकडे बघत थांबले. त्यांनी शेंगा फोडल्या, दाणे फुंकरून तिच्या हातावर ठेवले आणि धडा संपेपर्यंत ऐकून घेतला.