न शिरणारं औषधही शिरलं

सुरतेच्या औषध कंपनीच्या मॅडम खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या, तोच साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. "आकडे बघा मॅडम! तुमचं औषध मेंदूत मस्त शिरतंय."

नवापूरजवळची आमची लॅब तशी छोटी, आणि मी तिथली सगळ्यांत जुनी टेक्निशियन. फिटचं औषध मेंदूत किती पोचतं, ते मोजायचं हे आमचं काम. मेंदूच्या दारावर फार कडक पहारा असतो बघा, रक्तातलं सगळंच आत सोडत नाहीत. म्हणून उंदराला औषध द्यायचं, मग रक्तात किती गेलं आणि मेंदूत किती, ते मशीनवर बघायचं. फक्त मेंदू काढण्याआधी नसांतून सलाइन सोडून आतलं रक्त धुऊन काढावं लागतं. नाहीतर रक्तातलं औषध मेंदूच्या नावावर चढतं.

या खेपेला मॅडम येणार म्हणून साहेबांना घाई. "धुणं राहू द्या. आपण लॅब चालवतो, धोबीघाट नाही." मी दोनदा बोलून पाहिलं. "रिपोर्टवर सही कुणाची, तुमची का माझी?" म्हणाले. संपलं.

मॅडमनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "कंट्रोलचं काय आलं?"

कंट्रोल म्हणजे मेंदूत शिरत नाही हे आधीपासून ठाऊक असलेलं औषध. आपलं मोजणं बरोबर आहे ना, ते बघायला सोबत चालवतात.

"तेही मस्त शिरलंय!" साहेब खुशीत.

मॅडमनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "साहेब, म्हणजे मोजणंच चुकलंय. हे औषध उद्या फिट येणाऱ्या पोरांना द्यायचंय. मेंदूत पोचलंच नाही, तर गोळी खाऊनही पोर पडणार. चुलीपाशी पडलं तर?" आणि फोन घेऊन बाहेर गेल्या.

साहेबांची शुद्ध मराठी तिथेच संपली, गावची बोली सुरू झाली. "आते काय करानं व बाई?"

"परत करानं. धुईसन," मी म्हटलं.

नवे उंदीर घेऊन, रक्त धुऊन सगळं परत केलं. कंट्रोल बाहेरच राहिलं. मॅडमचं औषधही त्याच्या शेजारी बाहेरच उभं! मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, उंदरावरच कळलं," आणि पुढचं औषधही आमच्याकडेच दिलं.

साहेबांनी लगेच नवा बॉक्स मागवला. "धुतल्याशिवाय आपल्याकडे काही चालतच नाही, मॅडम!"

मी आता पेढा खाते, पण कंट्रोलचं विचारून.