वाळवंटात केळीची पानं

आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा संपेपर्यंत 'अरे, पण तुला एवढंही कळलं नाही?' असं कुणी मध्ये विचारायचं नाही. तो प्रश्न माझ्या बायकोने विचारून झालाय, मेहुण्याने विचारून झालाय, आणि एका उंटानेही विचारला असता, पण त्याचं तोंड भरलेलं होतं.

उंट कुठून आला? येतो, येतो. चहा घ्या तोवर.

मी पक्का लालबागचा. जन्मभर फिनेलच्या कंपनीत सेल्सला होतो. हाताखालच्या पोरांना एकच मंत्र द्यायचो, गिऱ्हाईक काय घेतं ते बघू नका रे, का घेतं ते विचारा! पोरं मान डोलवायची. आता भेटली की गालात हसतात.

तर आमचा दिनू, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अलिबागजवळ नागावला त्याची वाडी. नारळ, सुपारी आणि केळी. केळीवर दिनूचा फार जीव. माझा एक मावसभाऊ वाळवंटातल्या एका देशात नोकरीला आहे, त्याने मला चार दिवस राहायला बोलावलं. देशाचं नाव विचारू नका. चूक माझी, उगाच त्यांचं नाव कशाला?

दिनू म्हणाला, "भाऊजी, जाताच आहात तर तिकडचा बाजार बघून या ना. आपली केळी जातील काय?"

"जातील काय म्हणून काय विचारतोस? वाळवंट आहे ते! वाळूत काय पिकतंय? केळं बघून नाचतील ती माणसं!"

पहिल्याच दिवशी तिथल्या घाऊक भाजीबाजारात शिरलो आणि हबकलोच. दादरचं मार्केट धुऊनपुसून एसीत ठेवलंय असं वाटलं. काय नव्हतं तिथे? काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, आणि हे सगळं म्हणे तिथेच पिकलेलं! वाळूत! काचेच्या घरात! आणि केळी? समुद्रापलीकडून आलेली, डाग नाही, वाकडेपणा नाही, सगळी एका मापाची. भाव ऐकला तर आमच्या नाक्यावरच्या केळेवाल्याहून स्वस्त. दिनूची ठिपक्याठिपक्यांची केळी इथे कोण घेणार?

दोन दिवस नुसता हिंडलो. दिनूला काय तोंड दाखवू, हाच विचार.

आणि निघायच्या दिवशी चमत्कार झाला. त्याच बाजारात एका गाळ्यापुढे ही गर्दी! मला वाटलं मारामारी झाली. घुसलो. बघतो तर काय, केळीची पानं! खोक्यावर खोकी फुटत होती आणि माणसं हातातून ओढून नेत होती. शेजारी केळ्यांचे ढीग तसेच पडलेले. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघेना! एवढंच नाही, पांढराशुभ्र झगा घातलेला एक अस्सल तिथला शेख आला आणि गाडीची डिकी भरून पानं घेऊन गेला. मी उडालोच.

गाळेवाला होता कुंजू नावाचा केरळी माणूस. त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी मध्येच विचारलं, "ये इतना जाता है?"

"जाता है, जाता है! जितना लाएगा, उतना जाएगा!"

"मैं भेजूं? मुंबई से?"

"भेजो सर! अभी भेजो! अभी!"

'अभी' तो तीनदा म्हणाला हो. मी समजलो, माणूस भलताच उत्साही आहे.

का घेतात, हे विचारलं का मी? नाही! उत्तर मी विमानात स्वतःच शोधून काढलं. वाळवंटातला माणूस, बिचाऱ्याला हिरवं काही दिसत नाही. तो पान विकत घेणार, पानात मासा भाजणार, पानाकडे बघत बसणार. एवढं साधं कुणाला सुचलं कसं नाही, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

थेट नागाव गाठलं. "दिन्या, केळी कसली विकतोस? पानं विक!"

दिनूचा चेहरा उतरला. "भाऊजी, पानं काढली तर घड भरत नाही ओ. झाडाने जेवायचं कशाने? केळी बोटाएवढी राहतील. यंदाचं सगळं पीक जाईल."

"जाऊ दे! मी डोळ्यांनी बघून आलोय. शेख डिकी भरून नेतो, शेख!"

"तुम्ही म्हणताय म्हणजे..." दिनू म्हणाला. बहिणीचा नवरा, मुंबईचा, त्यात सेल्सचा. बिचाऱ्याने कोयता काढला.

परवाने, पिकावर रोग नसल्याचा दाखला, कार्गोचा एजंट यात आठवडा गेला. शेवटी पानं उतरवायचा दिवस आला. सगळी वाडी आम्ही भादरली. झाडं नुसते खांब होऊन उभी राहिली. दिनू प्रत्येक झाडाला हात लावून पुढे जात होता. तेवढ्यात बायकोने, नीलिमाने, मोबाइलवर एक फोटो पाठवला. तिचं ऑफिस माटुंग्याला. ऑफिसातल्या केरळी मैत्रिणीकडे सगळ्या बायका जेवायला गेल्या होत्या. ही मोठी पंगत, पुढ्यात केळीची पानं, पानावर वीसेक पदार्थ. खाली लिहिलेलं, 'पायसम तीन प्रकारचं!'

मी काय केलं असेल? फोटो दिनूला दाखवला! "बघ, मुंबईतसुद्धा पानांना उठाव आलाय!" आणि बायकोला उत्तर पाठवलं, 'आमचा माल याहून हिरवा आहे.'

माल विमानाने गेला. माल पोचल्या दिवशी कुंजूचा फोन.

"सर, ये क्या भेजा?"

"केले का पत्ता! एकदम फर्स्ट क्लास!"

"पर सर, ओणम तो खतम."

"क्या खतम?"

"ओणम, सर! हमारा दस दिन का त्योहार! परसों खतम हो गया. मैं बोला था ना, अभी भेजो?"

पण मी सेल्सचा माणूस, हार कशी मानणार? "अरे, तो बाकी लोगों को बेचो ना!"

कुंजू अगदी प्रेमाने म्हणाला, "सर, बाकी लोग प्लेट में खाता है."

"और वो शेख? डिकी भर के ले गया, वो?"

"उसका ड्रायवर मलयाली, कुक मलयाली, ऑफिस का स्टाफ मलयाली. सब को बांटने को ले गया. अच्छा आदमी है."

पानांचं काय झालं? दोन दिवस पडून राहिली आणि मग कुंजूने ती उंटांच्या तबेल्याला देऊन टाकली. वर व्हिडिओ पाठवला. दिनूची वाडी उंट डोळे मिटून चावतोय.

नीलिमाला सांगितलं तर ती खुर्चीतच बसली. "अहो, मी फोटो पाठवला होता! ओणमच्या दिवशी! दर वर्षी मी तिच्याकडे जेवून येते, दर वर्षी तुम्ही मला स्टेशनवर घ्यायला येता आणि काय काय होतं म्हणून विचारता!" मग म्हणाली, "आणि तुम्ही लालबागचे! विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मखर विकायला बसला असतात का?"

आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा एवढं सांगेल.

दिनूला फोन मीच केला. सगळं सांगितलं. कुंजू काय म्हणाला तेही, उंटाचंही. पलीकडून हळूच, "म्हणजे भाऊजी, पानंही गेली आणि केळीही गेली?" मला खरंच रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे थोड्याच दिवसांत गणपती. दिनूकडे दर वर्षी अख्खी पंगत वाडीतल्या पानांवर उठते. यंदा झाडांवर नुसत्या कोवळ्या, न उलगडलेल्या पानांच्या सुरळ्या. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "भाऊजी, येताना माटुंग्याहून पानं घेऊन याल काय? देवाच्या नैवेद्याला तरी हवीत."

गेलो. माटुंग्याच्या बाजारात पानं रचून ठेवलेली, ओणमची गर्दी सरलेली, भाव पडलेला. पंगतीपुरती घेतली, गुंडाळी काखेत मारली आणि मांडव्याच्या बोटीत बसलो. अलिबागला केळीची पानं घेऊन जाणारा मी पहिलाच असणार. बोटीतली माणसं टकामका बघत होती.

नैवेद्य झाला. प्रसादाला वाडीतली केळी आली, खरंच बोटाएवढी. मी मान खाली घालून खाल्ली. मग पंगत बसली. दिनूने भटजींना पान मांडलं, नीलिमाला मांडलं, पोराटोरांना मांडलं. माझ्यापुढे स्टीलचं ताट आलं.

"दिन्या, माझं पान रे?"

दिनू वालाच्या बिरड्याचा डाव घेऊन माझ्यापुढे वाकला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बाकी लोक प्लेटमध्ये खातात, भाऊजी."