बोरींनी मला कोंडलं त्याची गोष्ट

आमच्या मागच्या अंगणात बोरी माजल्या होत्या. माझे गुडघे कुरकुरायला लागले तसा मी तिकडे फिरकेनासा झालो, आणि तेवढ्यात त्यांनी पार मोरीपर्यंत मुलूख मारला. बोरीला काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही. आमच्या सोयऱ्यांसारखंच.

पोरगा जळगावला नोकरीला, रोज जाऊन-येऊन. त्याने नवी गाडी घेतली. गाडीला सावली पाहिजे, म्हणून म्हणाला, जेसीबी बोलावतो, बोरी मुळासकट काढू आणि वर पत्रे टाकू. झाडं तोडून पत्र्याची सावली करायची, एवढं शिकायला हा कॉलेजात गेला होता. मी म्हटलं, मी छाटून ताळ्यावर आणतो. तो हसला. मग माझंही डोकं फिरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याची बहीण माहेरी येईल तोवर मी एकट्याने अंगण मोकळं करणार, कोणाला मदतीला हाक मारली तर खुशाल मशीन आण, असं बोलून बसलो.

बोर उन्हाळ्यात खोडापर्यंत छाटावी, पावसाळ्यात जोमाने फुटते. कुऱ्हाड आणि दुबेळकं घेऊन भिडलो. दुबेळकं म्हणजे दोन फाट्यांची काठी, काटेरी फांदी तिनेच उचलायची. छाटलेल्या फांद्या कुठे टाकायच्या? सारी उमर शेताला काट्यांचं कुंपण घातलं, हात आपोआप चालले. बुंधे आत, काटे बाहेर, एकात एक अडकवून वरून दाबायचं. असं गोल गोल रचत गेलो. शेवटची फांदी दाबली आणि कौतुकाने मागे सरलो. शेळीचा कान शिरणार नाही असं कुंपण झालं होतं. मी आत होतो.

चूक म्हणत नाही मी त्याला. कुंपण चांगलंच होतं, फक्त माणूस चुकीच्या बाजूला होता. आतून उपसायला गेलो तर धोतर गुंतलं.

आमची म्हातारी भाकर घेऊन आली. कुंपणाला एक चक्कर मारून तिने विचारलं, "आते बाहेर कथाईन येशात?"

मी म्हटलं, बाहेर कुठून यायचं ते नंतर बघू, अजून काम बाकी आहे. तिने भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून वरून फेकला आणि तोंडाला पदर लावून गेली.

दिवस कलला तसा पोरगा आला. आधी त्याने फोनवर माझा फोटो काढला. मग म्हणाला, "आबा, फक्त ये म्हणा. आत्ता काढतो तुम्हाला."

ये म्हटलं की बोरी गेल्या. मी खोडाला टेकून मांडी घातली. सांगितलं की इथे बरं वाटतंय, रात्री गोधडी टाक. तोही माझाच पोरगा, हलला नाही.

तेवढ्यात म्हातारी घरातून दुसरं दुबेळकं घेऊन आली आणि बाहेरून फांद्या उपसायला लागली. पोरगा म्हणाला, ही मदत झाली, आबा हरले. तिने मान वळवली नाही.

"यासनी कोनले हाक मारी नही. माले धुनं वाळत घालाले जागा पाहिजे."

माझ्याएवढी वाट झाली. मी ताठ मानेने बाहेर आलो, धोतराचा एक तुकडा आत ठेवून.

मशीन आलं नाही. आखाजीला लेक आली तेव्हा दोरीवर लुगडी वाळत होती. बोरी आता पुन्हा फुटल्यात. गाडी गल्लीत उभी असते, तिच्यावर कावळे बसतात. ते मी शिकवलेले नाहीत.