पेट्रोलचा दिवा आणि दादाचा शब्द

मैत्रिणींनो, आमच्या मोटारसायकलचा पेट्रोलचा दिवा टाकी भरलेली असली तरी पेटलेलाच असतो. म्हणून गाडी हलवून, टाकीला कान लावून पेट्रोल ऐकायचं, हे बाबांनी मला अक्षरांसारखंच घरी शिकवलं.

आज चिखलीला परीक्षा होती. मी कान लावायला वाकले, तर दादा हसला. "कालच टाकी भरली म्या. किती भेतं वं तू!"

लाजून तशीच निघाले. अमडापूरच्या पुढे पेट्रोल संपून गाडी बंद पडली. पोहोचले तेव्हा केंद्राचं फाटक लागलं होतं. वर्ष गेलं.

घरी बाबा म्हणाले, "टाकी हालवून पाहाले काय झालं होतं तुले?"

दादा जेवत होता. काल गाडी कुठे फिरवली, हे त्याला कोणी विचारलं नाही.

दिवा खोटा आहे हे मला माहीत होतं. माणसाला कुठे कान लावायचा?