प्लस कोणत्या बाजूले हाय?

गाडीला चुकीची बॅटरी आणणं फारसं कठीण नाही. मी ते एकाच सकाळी दोनदा केलेलं आहे.

त्या दिवशी माझ्या बायकोची, सुनंदाची, बुलडाण्याला मुलाखत होती. मुख्याध्यापिकेच्या पदासाठी! बारा वाजता तिथं हजर राहायचं होतं. चिखलीहून निघायला भरपूर वेळ होता, म्हणून सकाळी आठ वाजता मी ऐटीत किल्ली फिरवून पाहिली. गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. या वेळी 'टक्'सुद्धा म्हणाली नाही.

"मी जाते एसटीनं," सुनंदा म्हणाली.

"छे! बॅटरी गेली, दुसरं काय? आत्ता घेऊन येतो." (मी शाळेत विज्ञान शिकवतो. विजेवरचा धडा तर माझा खास!)

स्कूटरवरून रशीदभाईंचं बॅटरीचं दुकान गाठलं. ते नुकतंच शटर वर करत होते.

"गाडी कोणती हाय, सर?"

"लाल."

"रंग नाही सर, मॉडेल सांगा. पेट्रोल का डिझेल?"

मी सांगितलं.

"जुनी बॅटरी आणली का? माप पाह्यलं अस्तं. अन् प्लस कोणत्या बाजूले हाय?"

"रशीदभाई, प्लस म्हणजे प्लस! त्याले काय बाजू अस्ते? ती मोठी द्या, कोपऱ्यातली."

"सर, थे जीपची हाय."

"मंग तं मजबूतच असंन!"

पेपर तपासताना मी स्वतः मुलांकडे ज्या नजरेनं पाहतो, त्याच नजरेनं रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पण गिऱ्हाईक गुरुजी पडलं! "नाही बसली तं वापस आणा," एवढंच म्हणाले.

ते धूड पायांत घेऊन मी घरी पोहोचलो. ओट्यावर आई बसलेली.

"काऊन रे, सिलिंडर आणलं का?"

"बॅटरी हाय आई, बॅटरी!"

जुनी काढली, नवी ठेवायला गेलो. जागा होती लहान मुलाची, बसायला आला होता पैलवान! आडवी केली, तिरपी केली, वरून दाबली. बॅटरी बसली नाही, मी बसलो. कंबर धरून.

आता मात्र शास्त्रीय पद्धतीनं काम करायचं ठरवलं. जुनी बॅटरी मोजली : एक वीत, चार बोटं. (मोजपट्टी घरात होती. पण सापडली असती, तर ती आमच्या घरची कसली?) पुन्हा दुकानात. रशीदभाईंनी जीपची बॅटरी न कुरकुरता परत घेतली.

"सर, प्लसचं पाह्यलं का?"

"माप आणलं ना तुमच्यासाठी! एक वीत, चार बोटं. द्या लवकर."

ही बॅटरी जागेत अगदी फणसातल्या गऱ्यासारखी बसली! मी विजयी मुद्रेनं सुनंदाकडे पाहिलं. मग वायर जोडायला घेतली. प्लस डावीकडे, वायर उजवीकडे. मध्ये वीतभर अंतर! वायर ओढली. ती ताणली गेली नाही, मी ताणलो गेलो. मग बॅटरीच उलटी फिरवली. प्लस उजवीकडे आला खरा, पण पार मागच्या कडेला गेला. आता दोन्ही वायरी तोकड्या!

"आई, जरा उलथणं दे वं."

"काऊन?"

"वायरीले जोड द्यायचा हाय."

"उलथणं भेटत नाही!" आई आणि सुनंदा एकदम ओरडल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या दोघींचं इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

साडेदहा झाले. सुनंदा इस्त्रीच्या साडीत फाटकाशी उभी. बारा वर्षांच्या नोकरीनंतर तिला ही संधी आली होती, आणि मी ती वितेच्या मापानं मोजत बसलो होतो.

"चल, स्टँडवर सोडतो तुले," मी पडेल आवाजात म्हणालो.

तेवढ्यात फाटकाशी रशीदभाईंची स्कूटर थांबली. पायांत बॅटरी!

"मॅडमनं फोटो पाठवला ना मले," ते म्हणाले. "जुन्या बॅटरीवर आपल्याच दुकानाचं स्टिकर हाय, नंबरासकट. तुम्ही तिले मोजून राह्यले होते सर, वाचली नाही."

पाच मिनिटांत बॅटरी बसली. पहिल्याच किल्लीला गाडी गुरगुरली. आईनं रशीदभाईंना चहा दिला, आणि मला कपबशा धुवायला लावल्या.

बाराला दहा कमी असताना सुनंदा आत गेली. मी बाहेर गाडीत बसून राहिलो. तासाभरानं ती हसत बाहेर आली.

"झालं वाटते माझं! 'हट्टी सहकाऱ्याले कसं सांभाळाल?' हा प्रश्न आला, अन् मी सकाळची सगळी गोष्ट सांगितली. मुलाखत घेणारे तिघंही हसून हसून बेजार! म्हणे, 'कुठं हायेत ते?' मी खिडकीतून दाखवलं."

मला एकदम आठवलं. मघाशी वरच्या खिडकीत तीन भली माणसं येऊन माझ्याकडे कौतुकानं पाहत होती.

मी गाडीतून उतरून तिघांनाही वाकून नमस्कार केला होता.